मनगटाच्या आतला रंग

वामनअण्णांच्या हातून हुबळी-धारवाडच्या कितीतरी मुलींची लग्नं जमली, आणि त्यातल्या एकीच्याही लग्नात ते जेवायला गेले नाहीत. बोलावणी यायची. मुलीचे वडील स्वतः अक्षत घेऊन दारात उभे राहायचे. अण्णा अक्षत घ्यायचे, देवापुढं ठेवायचे आणि लग्नाच्या दिवशी काहीतरी निमित्त काढून घरीच बसायचे. रमाक्का, म्हणजे त्यांची बायको, चिडायची. "पक्वान्नाचं जेवण सोडून इथं पिठलं गिळत बसायची हौस कसली म्हणते मी!" अण्णा शांतपणे सांगायचे, "मांडवात सगळी माणसं मुलीचं तोंड बघतात. मी गेलो तर माझं लक्ष नवऱ्यामुलाच्या तोंडाकडं जाईल." आम्हां पोरींना त्यातलं काही कळायचं नाही. म्हातारा विक्षिप्त आहे म्हणून सोडून द्यायचो. म्हातारा कसला, जेमतेम चाळिशी उलटलेला माणूस! पण पाठीत वाकलेला, डोळे बारीक करून बघणारा, म्हणून आम्ही त्याला म्हातारा करून टाकलं होतं.

दाजीबान पेठेच्या मागच्या बोळात त्यांचं घर आमच्या घराला लागूनच होतं. मधे एकच भिंत, त्यामुळं त्यांच्या चुलीवर काय शिजतंय ते आम्हांला आणि आमच्याकडं कोण भांडतंय ते त्यांना कळायचं. अण्णा फोटो काढत नसत, ते फोटो सुधारत. त्या वेळी फोटो काचेच्या प्लेटवर उतरायचा आणि प्लेटवर सगळं उलटं असायचं. गोरा चेहरा तिथं काळा दिसायचा आणि काळा चेहरा नुसत्या काचेसारखा स्वच्छ. त्या काचेवर बारीक पेन्सिलीनं रेघा भरल्या की कागदावर छापताना तेवढी जागा उजळ यायची. देवीचे व्रण बुजायचे, डोळ्यांखालचं काळं जायचं, आणि मुलगी लग्नाची असली तर तिचा रंगही उजळायचा. हुबळीतले आणि धारवाडचे स्टुडिओवाले आपल्या प्लेटी लाकडी खोक्यांतून त्यांच्याकडं पाठवायचे. "टचिंगवाले अण्णा" एवढं म्हटलं की टांगेवालासुद्धा बरोबर दारात आणून सोडायचा.

उत्तरेच्या खिडकीशी त्यांचं उतरतं मेज. मेजाला मधोमध चौकोनी भोक, त्यावर दुधी काच, खाली आरसा. आरशातून उजेड वर यायचा आणि प्लेटीवरचं माणूस उजळून निघायचं. पेन्सिली जर्मन, त्यांची टोकं घासून घासून सुईसारखी केलेली. दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत काळ्या कापडाच्या बाह्या नाडीनं बांधलेल्या, घाम प्लेटवर उतरू नये म्हणून. सकाळी अंघोळ झाली की त्या बाह्या चढायच्या आणि उजेड गेला की उतरायच्या. रात्री दिव्यावर काम करायचं नाही, कितीही घाई असो. "दिवा खोटं बोलतो," एवढंच म्हणायचे. रेघ मारताना त्यांचा हात हलतोय हेही दिसायचं नाही. बोटं जरा थरथरल्यासारखी वाटायची आणि अर्ध्या तासात एखादीच्या कपाळावरची काळजी पुसली जायची. काम झालं की पेन्सिल खाली ठेवून म्हणायचे, "साकु." कानडीत पुरे. मग आई येवो की मामा येवो, त्या प्लेटीला पुन्हा हात लागायचा नाही.

त्या साकुमागं त्यांचा एक नेम होता. त्यांचं म्हणणं, प्लेटला तांबडं दिसत नाही. आपल्या कातडीत जे तांबूस असतं तेही ती काळंच धरते, म्हणून आपली माणसं फोटोत असतात त्याहून काळी येतात. "प्लेटनं चोरून नेलेलं मी परत आणून देतो. माझ्या पदरचं काही घालत नाही," असं ते ठासून सांगायचे. किती चोरून नेलंय ते कळायला मुलीला समोर बसवायचे आणि म्हणायचे, "हात दे ग." हात उलटा करून मनगटाच्या आतली बाजू बघायचे. बाहेरचा रंग उन्हाचा, आतला आपला, आणि त्या रंगापर्यंत पेन्सिल न्यायची. त्यापुढं एक रेघ नाही.

माझ्या वेळी आईनं किती गळ घातली होती! मी चांगली सावळी, आणि आईला माझं लग्न म्हणजे डोंगर वाटत होता. "अण्णा, शेजारधर्म म्हणून तरी जरा आणखी उजळ करा की हो." अण्णांनी माझं मनगट बघितलं, प्लेट बघितली, चार रेघा मारल्या आणि पेन्सिल ठेवली. "साकु. वहिनी, ह्यापुढचं पाहिजे असेल तर देवाकडं मागा. तो माझ्यापेक्षा जुना टचिंगवाला आहे." आई फणफणत घरी आली. मला मात्र तो फोटो आवडला होता. त्यात मीच होते.

अण्णांना एकच मुलगी. वत्सला तिचं नाव, आम्ही वच्छी म्हणायचो. माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान. रमाक्का चांगली गोरी, केतकीसारखी, आणि मुलगी गेली बापावर. कुणीही घरी आलं की पहिलं वाक्य हेच, "अय्यो, बापाचा रंग उचलला की हो पोरीनं!" रमाक्कानं जन्मल्यापासून तिला साईत कालवलेलं बेसन लावून घासलं होतं. पाचव्या-सहाव्या वर्षी वच्छीचे कोपर सोललेले मी पाहिलेत. आम्ही दोघी परसात पायरीवर बसून हात शेजारी शेजारी धरायचो आणि कोण जास्त काळी म्हणून भांडायचो. ती माझ्याकडं बोट दाखवायची, मी तिच्याकडं. त्या भांडणाचा निकाल कधी लागला नाही, कारण दोघींपैकी एकीलाही खरं कबूल करायचं नव्हतं.

एकदा मोठी मौज झाली. कोप्पीकर रोडवरच्या स्टुडिओत रेल्वेतल्या कुणा साहेबाची मडम फोटो काढून गेली. प्लेट अण्णांकडं आली. अण्णांनी बघितलं, मडमेचा चेहरा चांगलाच रापलेला. बिचारी आपल्या उन्हात होरपळली, असं वाटून त्यांनी दीड दिवस खपून तिला दुधासारखी गोरी केली. तिसऱ्या दिवशी स्टुडिओचे मालक धापा टाकत दारात! मडम खवळली होती. महिनाभर समुद्रावर उन्हात पडून मी हा रंग कमावला, विलायतेला बहिणीला दाखवायला फोटो काढला, आणि तुम्ही तो पुसून टाकलात म्हणाली. तिकडं म्हणे आता असं भाजून निघण्याची टूम निघालीय. अण्णांनी टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि प्लेटवरून फिरवला. दीड दिवसाचं काम दोन मिनिटांत गेलं. मडम खूष झाली आणि वर बक्षीसही पाठवलं.

"यव्वा! काळं व्हायला उन्हात पडतात?" रमाक्का कपाळावर हात मारून हसायला लागली. आख्खा बोळ दोन दिवस हसत होता. वच्छी तेवढी हसली नाही. ती तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेल. म्हणाली, "मग आमच्या प्लेटीपण पुसा की अण्णा. तिला चालतं ते आम्हांला का चालत नाही?"

अण्णा पेन्सिलीचं टोक घासत होते. ते वर न बघता म्हणाले, "तिचा रंग परत जाताना बोटीतच उतरतो, बाळ."

वच्छीला पहिलं स्थळ आलं ते गदगचं. मंडळी आली, उपमा खाल्ला, मुलीला गाणं म्हणायला लावलं आणि पत्रिका जमत नाही असं आठ दिवसांनी कळवलं. दुसरे बेळगावचे. त्यांनी पत्रिकेचंही निमित्त केलं नाही. मुलाची आई जाताना दारातच रमाक्काला म्हणाली, "तुमच्याकडं बघून आलो होतो हो." तिसऱ्या वेळी मुलगा स्वतः आला होता. तव्याच्या बुडासारखा काळा, आणि त्याला गोरीच पाहिजे होती. मी त्या दिवशी वच्छीच्या वेणीत अबोली माळली होती. मंडळी गेल्यावर तिनं ती ओरबाडून काढली आणि मोरीत टाकली. मला अजून तो मुलगा दिसला तर मी त्याच्या तोंडावर काहीतरी फेकेन. मेला असेल एव्हाना.

ह्या तिन्ही ठिकाणी जो फोटो गेला होता तो अण्णांनी आपल्या नेमानं केला होता. मनगट बघून, साकु म्हणून.

चौथं स्थळ कराचीचं. मुलगा तिथं बंदराच्या कचेरीत कारकून, रजा मिळत नाही. बेळगावचे त्याचे काका येऊन वच्छीला बघून गेले. माणूस भला होता. म्हणाला, "मुलगी कामाची आहे, नाकीडोळी नीटस आहे, माझी ना नाही. पण मुलाला फोटो पाठवा. त्यानं हो म्हटलं की बार उडवू." म्हणजे सगळं त्या फोटोवर आलं.

त्या दिवशी भिंतीपलीकडून रमाक्काचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात आला. ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं. "जगाच्या पोरींना उजळ करून सासरी धाडलंत. पोटच्या पोरीला द्यायची वेळ आली की तुमचा हात आखडतो. तुमचाच रंग आहे ना तिच्या अंगावर? दिलात तो तुम्हीच दिलात. मग निस्तरा की."

नवीन प्लेट काढून आणली. अण्णा तीन दिवस खिडकीशी बसले. मी दोनदा डोकावले. एरवी पोरींना बघू द्यायचे, गमती सांगायचे, त्या तीन दिवसांत मात्र मान वर केली नाही. वच्छीला हात दे म्हणाले नाहीत. आणि मला पक्कं आठवतंय, तिसऱ्या दिवशी उजेड गेला म्हणून ते उठले. साकु म्हणाले नाहीत.

फोटो असा उतरला होता की स्टुडिओच्या मालकांनी त्याची एक मोठी प्रत करून दर्शनी काचेत लावली. मी आईबरोबर बांगड्या भरायला गेले होते, काचेपाशी थांबले. "आई, ही कोण ग? किती गोड आहे!" आईनं माझ्याकडं बघितलं. "अगं, आपली वच्छी नव्हे का?" बारा वर्षं जिच्या शेजारी बसून जेवले ती मला ओळखू आली नाही.

वच्छीनं स्वतः तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी तिथंच होते. बराच वेळ हातात धरून ती बघत राहिली. मग विचारलं, "अण्णा, मी अशी आहे?"

अण्णांनी खरं सांगायला पाहिजे होतं. नाही बाळ, ही माझी पेन्सिल आहे, तू नव्हेस, असं म्हणायला पाहिजे होतं. पण पोरीच्या डोळ्यांत असं काही होतं की त्यांना ते जमलं नाही. ते म्हणाले, "होशील. लग्न झालं, सासरचं अन्नपाणी मानवलं की रंग उजळतो पोरींचा. अशीच होशील."

दुसरी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधी ते लग्न झालं. मी करवली होते. लेकीचंच लग्न, तेव्हा अण्णांना मांडवात उभं राहणं भाग होतं. अंतरपाट दूर झाला. नवऱ्यामुलानं समोर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं उभ्या असलेल्या मुलींकडं. गर्दीत आपलं माणूस चुकावं आणि शोधावं, तसं. तेवढ्यात कुणीतरी हार घाल रे म्हणालं आणि त्यानं हार घातला. वाजंत्री जोरात वाजत होती. कुणाच्या काही लक्षात आलं नसेल, पण अण्णांच्या आलं. खांबाला धरून ते त्याच्याच तोंडाकडं बघत होते.

मारझोड नाही, उपास नाही, सासूचा जाच नाही. जावई वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणेन. कराचीच्या खोलीत त्यानं लग्नाआधीच तो फोटो चौकट करून भिंतीवर लावला होता. वच्छी पहिल्यांदा घरात शिरली तेव्हा त्यानं एकच विचारलं, "हा फोटो तुझाच ना?" ती हो म्हणाली. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही. फोटोही भिंतीवरून काढला नाही. तिनं एकदा सुचवून बघितलं, तर म्हणाला, "राहू दे की. आल्यागेल्याला आवडतो." आलेगेले आधी फोटोकडं बघायचे, मग चहा घेऊन आलेल्या वच्छीकडं. हे सगळं तिनं मला पत्रांतून लिहिलं. घरच्या पत्रात नुसतं 'सर्व कुशल' असायचं.

माझंही तोवर लग्न झालं होतं, बेळगावला. पण पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले होते तेव्हा तिचं एक पत्र आलं. अक्षर वाकडंतिकडं, रेघा सोडून खाली घसरलेलं. मला वाटलं घाईनं लिहिलं असेल. लिहिलं होतं, "इथं एक छान लेप मिळतो, पांढरा. रोज लावते. शेजारच्या बाई म्हणतात, फरक पडलाय. अण्णांना सांग, मी हळूहळू फोटोसारखी होत चालले आहे." मी हौसेनं ते अण्णांना वाचून दाखवलं. मूर्ख मी! अण्णांनी पेन्सिल ठेवली आणि विचारलं, "कसला लेप? नाव काय?" पत्रात नाव नव्हतं. त्यांनी त्याच दिवशी पत्र टाकलं, लेप बंद कर आणि डबी इकडं पाठव. उत्तर आलं, येतेच आहे बाळंतपणाला, घेऊन येते.

सातव्या महिन्यात ती आली. जावई मुंबईपर्यंत बोटीनं घेऊन आला आणि तिथून गाडीत बसवून गेला. टांग्यातून उतरताना रमाक्कानं तिचा हात धरला आणि धरूनच राहिली. वच्छी उजळली होती का? हो, गालांवर, कपाळावर ठिकठिकाणी उजळली होती. पण तो उजळपणा आपल्या माणसाचा नव्हता, थंड झालेल्या राखेसारखा होता. मान आणि कान तसेच सावळे. पापण्या सुजलेल्या, पाय सुजलेले. हिरड्यांतून रक्त यायचं, दात हलायला लागले होते, पेला उचलताना पाणी सांडायचं. आणि हसून मला म्हणते कशी, "शांते, आता हात लाव बघू शेजारी! आता तूच काळी."

अण्णांनी आधी डबी मागितली. बोटावर लेप घेतला, खिडकीशी नेला, वास घेतला. त्यातलं पांढरं त्यांना ओळखीचं वाटलं. स्टुडिओत वरच्या फळीवर, लाल चिठ्ठी लावून, रसकापूर ठेवलेला असायचा. पाऱ्याचा क्षार, जहाल विष. उजेड कमी पडून पातळ आलेली प्लेट त्याच्या पाण्यात बुडवली की दाट व्हायची. हात लागला तर लगेच धुवा, असं अण्णा आम्हांला लहानपणी दहादा बजावायचे.

"वच्छी, हे तू तोंडाला लावतेस?"

"रोज. मानेला पण लावायचं होतं, पण पुरत नाही." आणि मग अगदी सहज म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होतात ना अण्णा, होशील म्हणून?"

मी त्या माणसाचं तोंड बघितलं नाही. मला बघवलं नाही.

डॉक्टर आले, त्यांनीही तेच सांगितलं. पारा अंगात भिनलाय, मूत्रपिंडं गेली आहेत. अठरा दिवस ती होती. शेवटी शेवटी लघवी बंद झाली, सूज तोंडावर आली, आणि सुजेनं कातडी ताणली तसा तिचा रंग आणखीच फिका दिसायला लागला. समाचाराला आलेली एक बाई, नाव घेत नाही, माझ्या आईच्या कानाशी लागली, "पण उजळली हो पोर." आईनं तिला हाताला धरून बाहेर काढलं. वच्छी गेली, पोटातलं बाळ तिच्या आधी दोन दिवस गेलं होतं. जावई दहाव्याला पोचला. येताना फोटो घेऊन आला, चौकटीसकट, आणि गुपचूप कोनाड्यात ठेवून गेला.

त्यानंतर अण्णांनी लग्नाच्या मुलींच्या प्लेटी घ्यायचं बंद केलं. म्हाताऱ्यांचे, दिवंगतांचे, शाळेच्या बक्षीससमारंभाचे फोटो, एवढंच करायचे. आयांना हे मानवेना. एक तर दारात येऊन भांडली, "तुमच्या मुलीचं नशीब तसं, आमच्या मुलींचं कशाला अडवता?" अण्णा तिला म्हणाले, "बर्री, कूड्री." बसा म्हणाले, पाणी दिलं, आणि प्लेट परत तिच्या हातात ठेवली. स्टुडिओवाल्यांनी दुसरा माणूस शोधला. तो अण्णांपेक्षा हात सैल सोडून काम करायचा, त्यामुळं सगळे खूष होते.

वर्षभरानं अण्णांनी वच्छीची प्लेट काढली. तिचा दुसरा फोटो घरात नव्हता. जुन्या फोटोच्या तिन्ही प्रती त्या तीन स्थळांकडं गेल्या त्या परत आल्या नव्हत्या, आणि ती प्लेट स्टुडिओवाल्यांनी धुऊन काच पुन्हा वापरली होती. उरली ती ही एकच. अण्णांनी टर्पेंटाइनचा बोळा फिरवून आपली तीन दिवसांची पेन्सिल पुसली. प्लेट आणि कागद चौकटीत बसवून अंगणात उन्हात ठेवले, छापून काढलं आणि रमाक्कापुढं धरलं. म्हणाले, "घे. ही आपली वच्छी."

रमाक्कानं बघितलं आणि किंचाळली. "ही नव्हे! माझी पोर इतकी काळी नव्हती! आता मेल्यावर तरी तिला काळी करू नका हो!"

आणि तिचं बरोबर होतं. प्लेटनं तांबडं चोरलेलं होतंच की. जन्मभर मुलीला काळी काळी म्हणून सोलून काढलेल्या त्या बाईला तिचा रंग नेमका आठवत होता, पण सांगता येत नव्हता. अण्णा पुन्हा मेजाशी बसले. थोडी पेन्सिल भरली, छापलं. रमाक्का म्हणाली, ही ती कराचीची वाटते. पुसलं. पुन्हा भरलं. आता नकोच म्हणाली, आणि बघायचंच सोडून दिलं. अण्णांनी मात्र सोडलं नाही. दुसऱ्या कामांतून उठले की ती प्लेट लावायचे, रेघा मारायचे, पुसायचे. लढाईमुळं जर्मन पेन्सिली मिळेनाशा झाल्या. बोटभर उरलेला एक तुकडा त्यांनी फक्त ह्याच प्लेटीसाठी राखून ठेवला होता.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते लढाई चालू असतानाच, माझ्या भावाच्या मुंजीला आले होते तेव्हा. निघायच्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला गेले. रमाक्का आत अंथरुणावर पडून होती. अण्णा खिडकीशी, काळ्या बाह्या चढवलेल्या, केस पांढरे झालेले. मला बघून म्हणाले, "शांता, बरी आलीस. हात दे ग."

मी हात दिला. त्यांनी तो उलटा केला, मनगटाची आतली बाजू प्लेटीशेजारी धरली. "तुम्ही दोघी हात लावून बसायच्या ना परसात? मी बघायचो. आता खरं सांग. ती तुझ्यापेक्षा उजळ होती की सावळी? किती?"

देवाशपथ, मला आठवेना. हजार वेळा हात शेजारी धरला असेल, पण मी बघितलंच कुठं होतं? मी नुसती भांडत होते. अण्णांनी एक रेघ मारली आणि माझ्याकडं बघून विचारलं, "साकु?" जो माणूस कुणाचं ऐकून कधी थांबला नाही तो मला विचारत होता. त्यांनी आणखी एक मारली. "साकु?" बाहेर टांगेवाला हाका मारत होता. आणि एकदम माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा हात काय बघताय अण्णा? सगळं गाव म्हणायचं, बापाचा रंग उचलला म्हणून. तुमचं मनगट बघा की."

शेकडो मुलींची मनगटं बघितली असतील त्यांनी, पण हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी डाव्या हाताच्या बाहीची नाडी ओढली. गाठ बसली होती, दातांनी सोडली. बाही कोपरापर्यंत सारली आणि हात उलटा करून खिडकीतल्या उजेडात धरला.

मी नमस्कार केला. त्यांना तो कळला नसावा. टांगा बोळाच्या तोंडाशी वळताना मी मागं वळून बघितलं. खिडकीत अण्णा तसेच बसले होते, उलटा हात डोळ्यांशी धरून. पेन्सिल त्यांनी खाली ठेवली होती.